अधिक सेकंद आणि चालतीं यंत्रें

घड्याळ चुकलें असेल तर तें बरोबर करावें, या विधानाला हरकत घेणारा मनुष्य सांपडणें कठीण. घरांतील भिंतीवरचें घड्याळ चार मिनिटें मागें पडलेलें दिसलें, कीं कोणीतरी स्टुलावर चढतो, कांटा पुढें सरकवितो, आणि घरचा व्यवहार पूर्वींप्रमाणें चालूं राहतो. चुलीवरचा भात त्यामुळें करपत नाहीं, कीं शाळेला निघालेलें मूल रस्त्यांत थबकत नाहीं. परंतु जुन्या ठोक्यांच्या घड्याळांविषयीं जाणते लोक एक सूचना आवर्जून देत असत: कांटा मागें फिरवूं नका, पुढेंच न्या, आणि प्रत्येक ठोका पुरा होऊं द्या. त्या घड्याळांत कांट्याबरोबर ठोके देणारें दुसरें यंत्र चालत असे. कांटा उलटा फिरविला तर तास आणि ठोके यांची फारकत होई, आणि कधीं कधीं यंत्रच बिघडे. घड्याळाला दुसरें एखादें यंत्र जोडलेलें असलें, म्हणजे त्याची दुरुस्ती ही तितकीशी निरुपद्रवी गोष्ट राहत नाहीं.

आज बँकांचे हिशेब, विमानांचीं तिकिटें, टपाल, वर्तमानपत्रें आणि मित्रामित्रांच्या गप्पा हें सर्व ज्यांच्या आधारावर चालतें, तीं सर्व्हर नांवाचीं संगणकयंत्रें अशींच घड्याळाला जखडलेलीं आहेत. तीं रात्रंदिवस चालूं असतात. त्यांचें घड्याळ सुधारावयाचें तर तें काम चालूं असतांनाच सुधारावें लागतें. ३० जून २०१२ रोजीं, ग्रीनिचच्या मध्यरात्रीं, जगांतील घड्याळांत अवघ्या एका सेकंदाची दुरुस्ती झाली, आणि त्या एका सेकंदानें अनेक देशांतील यंत्रें जाग्यावरच गरगर फिरूं लागलीं. तो सेकंद कोठून आला, त्यानें काय केलें, आणि पुढें शास्त्रज्ञांनीं त्याला निरोप देण्याचें कां ठरविलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

घड्याळाकडून मनुष्य दोन निरनिराळीं कामें घेत असतो. ‘आतां किती वाजले?’ हा एक प्रश्न. ‘तेव्हांपासून किती वेळ गेला?’ हा दुसरा. एरवीं एकाच घड्याळाकडून दोहोंचीं उत्तरें मिळतात, म्हणून त्यांतील भेद कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कालगणना सुधारण्याचा प्रसंग आला, म्हणजे मात्र तो उघडा पडतो. इंग्लंडनें १७५२ सालीं जुनी ज्युलियन गणना टाकून ग्रेगोरियन गणना स्वीकारली, तेव्हां बुधवार, २ सप्टेंबरच्या पाठोपाठ गुरुवार, १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या अकरा तारखा गळाल्या. पण तारखा गळाल्या म्हणून दिवस थोडेच गळाले होते? ज्याला घराचें भाडें किंवा कर्जावरील व्याज द्यावयाचें होतें, त्यानें तें अकरा दिवस आधीं द्यावें काय? हा कायदा रचणाऱ्यांनीं ही अडचण आधींच ओळखली होती. भाडें, व्याज, पगार, करार यांच्या मुदती तारखेवरून न ठरवितां, प्रत्यक्ष उजाडणाऱ्या दिवसांच्या संख्येवरून मोजाव्या, असें कलम त्यांनीं त्यांत घातलें. इंग्लंडचें करवर्ष पूर्वीं २५ मार्चला सुरू होत असे, तें आज ६ एप्रिलला सुरू होतें, याचें मूळ याच हिशेबांत आहे. तारीख सुधारली तरी मुदतीला धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, हें तत्त्व अठराव्या शतकांतील त्या कायद्यानें पाळलें. एकविसाव्या शतकांतील कित्येक आज्ञावल्यांना तें पाळतां आलें नाहीं.

मुंबईकरांना अशा दुरुस्तीचा अनुभव १९०६ सालीं आला. त्या वर्षीं १ जानेवारीपासून भारतीय प्रमाण वेळ अमलांत आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षां ३९ मिनिटें पुढें. सरकारी कचेऱ्यांचे कांटे एका दिवसांत पुढें सरकले; परंतु सूर्य आपल्या वेळेवरच उगवत राहिला, आणि गिरणीच्या भोंग्यावर हजर होणाऱ्या कामगाराला ३९ मिनिटें लवकर उठणें भाग पडलें. शहरांत असंतोष माजला. मुंबईच्या नगरपालिकेनें आपल्या घड्याळांत ‘मुंबई टाइम’च चालूं ठेविला, आणि तो १९५५ पर्यंत टिकला. एका शहरांत दोन वेळा जवळजवळ अर्धें शतक नांदल्या. माणसें हें निभावून नेऊं शकलीं, कारण भेटीची वेळ ठरवितांना ‘कोणता टाइम?’ असें तीं एकमेकांना विचारूं शकत होतीं. यंत्र असें विचारीत नाहीं. त्याच्या पुढें एक आकडा येतो, आणि तो आकडा म्हणजेच काळ, असें तें मानून चालतें.

या यंत्रांच्या आंतील घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालतें. स्फटिक स्वस्त आणि भरंवशाचा असला, तरी उष्णतामानाबरोबर त्याची गति बदलते, आणि नुसत्या त्याच्यावर सोंपविलेलें घड्याळ कांहीं दिवसांत सेकंदानें, दोन सेकंदांनीं मागेंपुढें होतें. एकटें यंत्र असेल तर हें चालून जातें. परंतु शेंकडों यंत्रें मिळून एकच काम करूं लागलीं, म्हणजे कोणतें काम आधीं झालें आणि कोणतें नंतर, हें ठरविण्यासाठीं त्यांच्या घड्याळांत मेळ असावा लागतो. या प्रश्नाचा मूलगामी विचार लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७८ च्या एका निबंधांत केला. घड्याळ पुढें नेण्यास हरकत नाहीं, मागें मात्र कधींही आणूं नये, ही त्याच्या योजनेंतील एक अट होती. ठोक्यांच्या घड्याळाची सूचना येथें गणिताच्या भाषेंत पुन्हां अवतरलेली दिसते.

घड्याळांचा मेळ घालण्याची व्यवहारोपयोगी पद्धति बसविली ती डेव्हिड मिल्स यांनीं. नेटवर्क टाइम प्रोटोकॉल या नांवानें ती १९८५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि पुढें डेलावेअर विद्यापीठांत राहून मिल्स यांनीं ती अनेक वर्षें परिष्कृत केली. जानेवारी २०२४ मध्यें त्यांचें निधन झालें, तोंपर्यंत त्यांच्या पद्धतीवर जगांतील असंख्य यंत्रें विसंबून होतीं. या पद्धतींत प्रत्येक यंत्र आपल्यापेक्षां अधिक अचूक घड्याळ असलेल्या यंत्राला वेळ विचारतें, प्रश्न जाऊन उत्तर येण्यास किती विलंब लागला तो हिशेबांत धरतें, आणि आपली चूक किती हें ठरवितें.

चूक कळल्यावर ती सुधारावी कशी? येथें दोन मार्ग फुटतात. कांटा एकदम उचलून योग्य जागीं ठेवणें, हा उडीचा मार्ग. कांट्याला हात न लावतां, घड्याळाची गति किंचित् वाढवून किंवा कमी करून त्याला हळूहळू योग्य वेळेशीं आणून मिळविणें, हा सरकविण्याचा मार्ग. कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत तयार झालेल्या युनिक्सच्या १९८६ मधील आवृत्तींत या दुसऱ्या मार्गासाठीं स्वतंत्र सोय केलेली आढळते. मिल्स यांच्या योजनेंत दोन्ही मार्गांच्या सीमा आंखलेल्या आहेत. चूक सेकंदाच्या १२८ सहस्रांशांहून कमी असेल तर घड्याळ सरकवावयाचें. त्याहून मोठी चूक कांहीं वेळ टिकून राहिली तर उडी मारावयाची. आणि चूक १००० सेकंदांहून अधिक दिसली, तर दुरुस्तीच न करतां काम थांबवावयाचें आणि निर्णय मनुष्यावर सोंपवावयाचा. इतकी मोठी तफावत दिसली, तर चूक आपली कीं सांगणाऱ्याची, अशी शंका घेणें हेंच शहाणपण, असा त्या शेवटच्या नियमाचा अर्थ.

सरकविण्याचा मार्ग सौम्य खरा, पण तो फार मंद आहे. त्याची कमाल गति दशलक्षांत ५०० भाग एवढीच ठेविलेली आहे. त्या गतीनें एका सेकंदाची चूक भरून निघण्यास २००० सेकंद, म्हणजे सुमारें ३३ मिनिटें लागतात. दहा मिनिटांची चूक असेल तर जवळजवळ चौदा दिवस. म्हणून प्रसंगीं उडी टाळतां येत नाहीं, आणि उडीबरोबर तिचे परिणामही आलेच.

घड्याळानें पुढें उडी मारली, तर ज्या ज्या गोष्टींना मुदत लावलेली असेल त्यांची मुदत एकाएकीं संपते. शेजारच्या यंत्राकडून दहा सेकंदांत निरोप न आल्यास तें बंद पडलें असें समजावें, असा नियम असला, तर धडधाकट शेजाऱ्याला मृत ठरवून त्याचें काम दुसऱ्याकडे सोंपविलें जातें. आणि मग एकच काम दोघे करूं लागतात. मागें उडी मारली, तर अनर्थ निराळ्या जातीचा. नंतर लिहिलेल्या नोंदीवर आधींची वेळ पडते, आणि कोणत्या नोंदीनें कोणती रद्द केली हें उमगत नाहीं. दोन वाजतां करावयाचें काम दुसऱ्यांदा दोन वाजले म्हणून पुन्हां केलें जातें. शेवटच्या वेळेंतून सुरुवातीची वेळ वजा केली असतां उत्तर शून्याच्याही खालीं जातें, आणि एखादें काम होण्यास उणें कांहीं वेळ लागला, असा निष्कर्ष निघतो. हें अशक्य आहे असें मानूनच आज्ञावली लिहिणारानें ती लिहिलेली असते.

आतां सर्वच घड्याळांना एकाच क्षणीं मागें आणणारा हा अधिक सेकंद कोठून आला तें पाहूं. पूर्वीं सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग, आणि दिवस म्हणजे पृथ्वीची गति, असें सरळ समीकरण होतें. १९५५ सालीं इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनीं सीझियम अणूच्या कंपनांवर चालणारें घड्याळ सिद्ध केलें. तें पृथ्वीपेक्षां अधिक नियमित निघालें. १९६७ सालीं सेकंदाची व्याख्याच बदलली, आणि सीझियम अणूचीं ९,१९२,६३१,७७० कंपनें म्हणजे एक सेकंद, असें ठरलें. काळाचें माप आकाशांतून निघून प्रयोगशाळेंत आलें. पण लोकांचा दिवस पृथ्वीबरोबरच उजाडत राहिला. भरतीओहोटीच्या घर्षणानें पृथ्वीची गति युगानुयुगें मंदावत आली आहे, आणि तिच्या पोटांतील व पृष्ठावरील उलथापालथींमुळें ती अल्पस्वल्प प्रमाणांत अनियमितपणें बदलतही असते. अणूचें घड्याळ आणि पृथ्वीचें घड्याळ यांचें जमविणें भाग होतें.

१९६१ पासून दहा वर्षें हें काम सरकविण्याच्या मार्गानें झालें, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या काळांत वेळेच्या बिनतारी संकेतांची गतिच पृथ्वीला जुळेल इतकी किंचित् बदललेली ठेवीत, आणि उरलेला फरक सेकंदाच्या लहानशा अंशांच्या उड्यांनीं भरून काढीत. पण त्यामुळें प्रसारित होणारा सेकंद आणि व्याख्येंतला सेकंद एकच राहिले नाहींत, आणि वारंवार होणाऱ्या बदलांनीं सर्वांनाच त्रास होई. म्हणून १९७२ पासून नवी व्यवस्था आली. सेकंद सदैव अणूचाच राहील. फरक साठत जाऊन ०.९ सेकंदाच्या मर्यादेबाहेर जाणार असें दिसलें, कीं जूनच्या किंवा डिसेंबरच्या अखेरीस एक पुरा सेकंद अधिक घालावयाचा. त्या मध्यरात्रीं ११ वाजून ५९ मिनिटें ५९ सेकंदांनंतर बारा न वाजतां साठावा सेकंद येतो, आणि मग बारा वाजतात. असे २७ अधिक सेकंद आजवर घातले गेले. त्यांतील अखेरचा ३१ डिसेंबर २०१६ रोजीं.

अधिक मासाची संवय असलेल्या समाजाला अधिक सेकंदाचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. चांद्रवर्ष आणि सौरवर्ष यांची फारकत होऊं नये म्हणून सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं पंचांगांत एक महिना अधिक धरण्याची चाल आपल्याकडे शतकानुशतकें आहे. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. अधिक मास केव्हां पडेल हें पंचांगकर्ता पुष्कळ वर्षें आधीं गणितानें सांगूं शकतो. पृथ्वीच्या लहरी कोणत्याच गणितांत बसत नसल्यानें, अधिक सेकंदाची सूचना पॅरिसहून साधारण सहा महिने आधीं निघते. म्हणजे आज लिहिलेल्या आज्ञावलींत पुढील दहा वर्षांचे अधिक सेकंद लिहून ठेवण्याची सोय नाहीं. शिवाय ते कधीं दोन वर्षांनीं, कधीं सात वर्षांनीं येतात. त्यामुळें त्यांची रंगीत तालीमही क्वचितच होते.

यंत्रांची अडचण आणखी खोल आहे. युनिक्स आणि तिच्या वंशांतील प्रणाल्या १ जानेवारी १९७० पासून गेलेल्या सेकंदांच्या संख्येनें वेळ मोजतात, आणि त्या हिशेबांत प्रत्येक दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा धरलेला असतो. साठाव्या सेकंदाला या वहींत रकानाच नाहीं. म्हणून तो आला, कीं आधींचाच आकडा पुन्हां मोजावा लागतो. म्हणजेच घड्याळ एका सेकंदानें मागें येतें. जें कधींही करूं नये म्हणून लॅम्पोर्ट यांनीं सांगितलें, तेंच साऱ्या जगांतील यंत्रांना एकाच क्षणीं करावें लागतें.

३१ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीं याची पहिली ठळक चुणूक दिसली. लिनक्स प्रणालीच्या कांहीं आवृत्तींत सेकंद वाढविल्यानंतर ‘सेकंद वाढविला’ अशी एक ओळ दप्तरांत लिहिण्याची तजवीज होती. पण ती ओळ लिहितांना घड्याळाला लावलेलें कुलूप अजून निघालेलें नसे. लिहिण्याच्या कामासाठीं यंत्रानें वेळ विचारली, तर तिला कुलूप. आणि लिहिणें संपल्याशिवाय कुलूप निघावयाचें नाहीं. या पेचांत सांपडून कांहीं यंत्रें गोठून गेलीं. सेकंद वाढविण्याचें काम बिनचूक झालें होतें. त्याची बातमी देणें अंगाशीं आलें.

२०१२ च्या प्रसंगाचें स्वरूप याहून व्यापक होतें. या वेळीं लिनक्सनें आपलें मुख्य घड्याळ एका सेकंदानें मागें घेतलें, पण आज्ञावल्यांना ठरल्या वेळीं जागें करणाऱ्या अंतर्गत व्यवस्थेला ती वार्ता कळविली नाहीं. एकाच यंत्रांत दोन वेळा झाल्या. गजर लावणारी व्यवस्था एक सेकंद पुढें राहिली. एखादी आज्ञावली म्हणे, ‘अर्ध्या सेकंदानें मला जागें कर’. पण गजराच्या दृष्टीनें तो क्षण आधींच उलटून गेलेला असे, म्हणून तो तत्काळ वाजे. जागी झालेली आज्ञावली काम नाहीं असें पाहून पुन्हां झोंपावयास जाई, आणि पुन्हां त्याच क्षणीं उठविली जाई. सेकंदाला हजारों वेळां हा प्रकार चालला. जावा भाषेंतील आज्ञावल्या आणि मायएसक्यूएल हा माहितीसंग्रह यांची अशी पुष्कळ ठिकाणीं अवस्था झाली. रेडिट हें संकेतस्थळ बंद पडलें. मोझिला या संस्थेचीं कांहीं यंत्रें अडलीं. ऑस्ट्रेलियांत रविवार सकाळचे दहा वाजले होते. तेथें क्वांटास विमान कंपनीच्या प्रवासी नोंदणीची व्यवस्था कोलमडली, विमानतळावर रांगा लागल्या आणि विमानें रखडलीं. हेट्झनर या जर्मन कंपनीच्या यंत्रशाळांत विजेचा खप एकाएकीं सुमारें एक मेगावॅटनें वाढल्याचें आढळलें. एवढी वीज कोणत्याही उपयुक्त कामांत खर्च होत नव्हती. झोंपूं पाहणारीं आणि झोंप न लागणारीं यंत्रें ती जाळीत होतीं. भारतांत तेव्हां १ जुलैची पहाट होती, आणि घड्याळांत साडेपांच वाजत होते.

या दुखण्यावर सांपडलेला उपाय दुखण्याहून चमत्कारिक होता. यंत्राचें घड्याळ जी वेळ दाखवीत आहे तीच वेळ त्याला पुन्हां लावून द्यावयाची, एवढेंच करावें लागे. आकडा बदलत नसे. परंतु वेळ नव्यानें लावली, म्हणजे ती वार्ता गजराच्या व्यवस्थेपर्यंत रीतसर पोंचत असे, आणि दोन्ही वेळा एक होत. गरगरणारें यंत्र त्याच क्षणीं शांत होई. यावरून रोगाचें निदानही स्पष्ट झालें. बिघाड सेकंदांत नव्हता, दुरुस्तीची बातमी घरांतल्या सर्वांना न कळण्यांत होता.

त्याच वर्षीं दुसरा एक धडा मिळाला. १९ नोव्हेंबर २०१२ रोजीं अमेरिकन आरमाराच्या वेधशाळेंतील दोन प्रमुख वेळदर्शक सर्व्हर, ‘टिक’ आणि ‘टॉक’, सुमारें तासभर सालच चुकीचें सांगत राहिले. त्यांच्या मतें तें इसवी सन २००० होतें. ज्या यंत्रांनीं १००० सेकंदांची मर्यादा पाळली होती आणि एकाहून अधिक ठिकाणीं वेळ विचारली होती, त्यांना धक्का बसला नाहीं. ज्यांनीं मोठ्या नांवावर भरंवसा ठेवून सांगितलेली वेळ मुकाट्यानें लावून घेतली, तीं बारा वर्षें मागें गेलीं, आणि कांहीं कार्यालयांत लोकांना आपल्याच यंत्रांत प्रवेश मिळेनासा झाला. कारण ओळख पटविण्याच्या प्रचलित पद्धतींत दोन यंत्रांच्या घड्याळांतील फरक बहुधा पांच मिनिटांपुरताच खपवून घेतला जातो.

अधिक सेकंदाला तोंड देण्याची एक निराळी युक्ति गूगल कंपनीनें २००८ पासून योजिली होती, आणि २०११ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. जमीन सारवतांना जसा हातांतला गोळा एका जागीं न ठेवतां साऱ्या भुईवर पातळ पसरवितात, तसा हा सेकंद एका क्षणीं न घालतां कित्येक तासांवर पसरवावयाचा. पुढें रूढ झालेल्या रीतींत एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत, २४ तास, प्रत्येक सेकंद दशलक्षांत साडेअकरा भागांहून किंचित् अधिक लांबविला जातो. इतका फरक कोणत्याही आज्ञावलीच्या नजरेस येत नाहीं. आकडा मागें येत नाहीं. साठाव्या सेकंदाचें दर्शनही होत नाहीं. १९७२ सालीं खगोलज्ञांनीं जो मार्ग सोडला होता, त्यावर यंत्रवाले पुन्हां येऊन पोंचले. मात्र त्या २४ तासांत सारवलेलें घड्याळ जगाच्या वेळेपासून अर्ध्या सेकंदापर्यंत दूर असतें. सारवलेलीं आणि न सारवलेलीं यंत्रें एकत्र बांधलीं, तर मुंबईंतल्या दोन वेळांचा घोळ पुन्हां उभा राहतो.

ज्यांनीं सेकंद सारविला नाहीं, त्यांना २०१७ च्या पहिल्या क्षणींच धक्का बसला. क्लाउडफ्लेअर ही कंपनी असंख्य संकेतस्थळांच्या नांवांवरून त्यांचे पत्ते सांगण्याचें काम करते. तिची एक आज्ञावली गो भाषेंत लिहिलेली होती. उत्तर मिळण्यास किती वेळ लागतो हें ती मोजी, आणि त्या मापाचा उपयोग पुढची विचारणा कोणाकडे करावी हें ठरविण्यासाठीं करी. घड्याळ मागें आलें, माप उणें निघालें, आणि उणा आकडा पुढें गेल्याबरोबर ती आज्ञावली कोसळली. सुदैवानें व्याप लहान होता. ऐन भरांत पत्त्यांच्या विचारणांपैकीं सुमारें ०.२ टक्के विचारणांवर परिणाम झाला. दुरुस्ती एका चिन्हाची होती: माप शून्य आहे काय, असें विचारण्याऐवजीं शून्य किंवा त्याहून कमी आहे काय, असें विचारावयाचें. तरी त्या एका चिन्हानें मोठ्या प्रश्नाला हात घातला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें निघालेल्या गो भाषेच्या १.९ व्या आवृत्तींत असें ठरलें, कीं वेळ विचारली असतां भाषेनें दोन घड्याळें एकदम वाचावीं. एक लोकांना वेळ सांगणारें, जें सुधारलें जातें. दुसरें नुसता गेलेला काळ मोजणारें, जें कधींही मागें येत नाहीं. वजाबाकी करावयाची ती दुसऱ्यावरून. असें दुसरें घड्याळ यंत्रांत पुष्कळ वर्षांपासून होतेंच. त्याचा उपयोग करण्याचें भान लेखकांना राहत नव्हतें, आणि आतां तें भाषेनेंच राखलें.

अखेर नोव्हेंबर २०२२ मध्यें फ्रान्समधील व्हर्साय येथें वजनें आणि मापें यांची सत्ताविसावी सार्वत्रिक परिषद भरली, आणि ०.९ सेकंदाची मर्यादा २०३५ पर्यंत किंवा त्याआधीं वाढवावी असा ठराव तिनें केला. म्हणजे तेथून पुढें अणूचें घड्याळ आणि पृथ्वी यांच्यांतील फरक दीर्घकाळ साठूं दिला जाईल, आणि सेकंदासेकंदाची ही दुरुस्ती बंद होईल. हा निर्णय एकमुखी स्वागताचा नव्हता. आपल्या उपग्रहांच्या व्यवस्थेंत अधिक सेकंद विणून ठेविलेल्या रशियाला अधिक मुदत हवी होती. आणि घड्याळाचें आकाशाशीं असलेलें नातें सैल होणें, ही खगोलज्ञांना लहान गोष्ट वाटत नाहीं. परंतु निर्णयाला घाई करणारें एक कारण पृथ्वीनेंच पुरविलें. अलीकडच्या वर्षांत तिची गति किंचित् वाढलेली आढळली आहे. ती तशीच राहिली, तर सेकंद वाढविण्याऐवजीं एक सेकंद गाळण्याची पाळी येईल. पंचांगांत क्षयतिथि असते, तसा हा क्षयसेकंद. तो आजपर्यंत एकदांही आलेला नाहीं. वाढीव सेकंदाची संवय असतां जेथें एवढे अपघात झाले, तेथें कधींही न आलेल्या क्षयसेकंदाची परीक्षा चालत्या यंत्रांवर घेण्यास कोणी उत्सुक नाहीं.

अधिक सेकंद गेला, तरी घड्याळांची दुरुस्ती थांबणार नाहीं. स्फटिक मागेंपुढें होतच राहतील, आणि प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याला वेळ विचारीतच राहील. म्हणून २०१२ च्या रात्रीचा बोध टिकणारा आहे. लहान चूक उडीनें न सुधारतां गतीनें सुधारावी. दुरुस्ती केली तर ती त्या वेळेवर अवलंबून असणाऱ्या प्रत्येकाला कळवावी. वेळ सांगणारा कितीही मोठा असला, तरी विलक्षण उत्तर आल्यास दुसऱ्या ठिकाणीं विचारावें. आणि मुदत मोजावयाची ती तारखेवरून मोजूं नये. १७५२ च्या कायद्यानें भाडेकरू आणि धनको यांच्यासाठीं जें कलम घातलें, तेंच आतां यंत्रांच्या भाषांत उतरलें आहे. आज प्रत्येक सर्व्हरच्या पोटांत तें दुसरें घड्याळ चालूं असतें. यंत्र सुरू झालें कीं बहुधा तें शून्यापासून मोजूं लागतें. किती वाजले, कोणतें साल, सूर्य उगवला कीं नाहीं, यांतलें कांहींच त्याला ठाऊक नसतें; मनुष्य त्याच्याकडे क्वचितच पाहतो. पहिल्या घड्याळाचा कांटा पुढें जावो वा मागें, तें आपलें मोजीत असतें, आणि चालत्या कामाच्या मुदती त्याच्यावरच सुखरूप राहतात.